ओटीपोटातली गाठ आणि दैवाचा प्रश्न

अंडाशयातली गाठ बहुतेक वेळा पाण्याने भरलेली पातळ पिशवी असते. पाळीच्या चक्रात बीज वाढवणारी पुटिका फुटली नाही की ती फुगते आणि दोन-तीन पाळ्यांत बहुधा आपोआप विरते. जी विरत नाही, वाढत जाते किंवा सोनोग्राफीत संशयास्पद दिसते ती काढावी लागते. हल्ली पुष्कळदा दुर्बिणीतून. घरात मात्र पहिला प्रश्न वेगळाच उठतो : हे हिच्याच वाट्याला का आले, आणि दैवाने दिलेल्यावर सुरी चालवावी का?

साताऱ्याच्या औंधमध्ये हा प्रश्न यमाईच्या डोंगरापर्यंत जातो. तिथे देवीची ओटी भरतात, नवस बोलतात. गाठ होते त्या भागालाही मराठीत ओटीपोटच म्हणतात, आणि ओटी भरण्यात कूस उजवण्याचे मागणे असतेच. म्हणून या गाठीला राहिलेला नवस, देवीची नाराजी, मागच्या जन्मीचे देणे असे अर्थ चिकटतात. पण याच औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ चालवले आणि ‘पुरुषार्थ’ नावाचे मासिक काढले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आयुष्यभर सूर्यनमस्कारांचा प्रसार करत राहिले. या श्रद्धावान माणसांनी देहाचे बरेवाईट दैवावर सोपवले नाही.

हा विचार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषकार म्हणजे माणसाचा प्रयत्न या दोहोंवर अवलंबून असल्याचे सांगून गाडीच्या आसाचा दृष्टान्त दिला आहे. चांगला आस झिजून आपल्या वेळी मोडतो. ओझे फार झाले, वाट वाईट असली तर आधीच मोडतो. सगळे ठरलेलेच असते तर पथ्य आणि औषध दोन्ही व्यर्थ ठरली असती. त्याच ग्रंथात रक्तगुल्म हा केवळ स्त्रियांना होणारा, गर्भाचा भास करून देणारा गोळा सांगितला आहे आणि त्यावर दहावा महिना उलटल्यावरच उपचार करावेत असा नियम आहे. तोवर गर्भ की गोळा हे उघड होते. आज तेच सोनोग्राफी काही मिनिटांत दाखवते.

दैवाचा सगळ्यात भयंकर अर्थ डर्मॉइड गाठीला लावला जातो. ती कापली की आत केस, चरबी, कधी दात निघतात. डॉक्टरांनी काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवली की एखाद्या घरात करणीचा संशय पक्का होतो, आणि तो बहुधा शेजारच्या किंवा भावकीतल्या बाईवर जातो. खरे कारण बीजपेशीत आहे. त्वचा, केस, दात, हाड असे सगळे घडवण्याची क्षमता तिच्यात उपजतच असते. ती गर्भाविना, क्रम सोडून वाढू लागली की हेच पदार्थ तयार होतात. कोणी काही पोटात घातलेले नसते. साताऱ्याचे आणि मिरजेत वैद्यक शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले, तो २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर झाला. बोटाने शस्त्रक्रिया करून दाखवण्याचा दावा करणे त्या कायद्याने गुन्हा आहे.

गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ बसला तर रक्तपुरवठा तुटतो. एकाएकी असह्य कळ येते, उलट्या होतात. अशा वेळी कौल लावण्यात किंवा अमावास्या टळण्याची वाट पाहण्यात गेलेल्या तासांनी अंडाशय कायमचे जाते. अंगारा लावून ऑपरेशनला जाण्याने काही बिघडत नाही, अंगाऱ्यासाठी ऑपरेशन लांबवल्याने बिघडते.

उलट बाजूची अंधश्रद्धाही आहे : एकदा पोट उघडले की सगळेच काढून टाकावे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९ मधल्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयेही काढली तर बाई त्याच दिवशी रजोनिवृत्तीत ढकलली जाते, पुढे हाडे ठिसूळ होतात. कर्करोगाचा संशय नसेल तर तरुण स्त्रीची गाठ तेवढी सोलून काढावी आणि अंडाशय राखावे, हीच योग्य रीत आहे.

अवयव गेला म्हणून बाई अपुरी ठरत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे. शेतातले तण उपटल्याने शेतकरी उणा होत नाही. आणि निरोगी असेल तर एकच अंडाशय पाळीला आणि गर्भधारणेलाही पुरते.