नवा फिटर, तेच शॉप

चाकणच्या कुठल्याही कारखान्यात मेंटेनन्सच्या माणसाला एक गोष्ट विचारून पाहा. हायड्रॉलिक तेलात कचरा गेलाय, व्हॉल्व्ह अडकतोय, सील दर आठवड्याला फाटतंय. जुन्या फिटरला काढून नवा आणला तर मशीन सुधारेल का? तो हसेल. नवा फिटरही सीलच बदलत बसणार. आधी तेल गाळा, टाकी धुवा, मग माणसांचं बघू.

मधुमेहाने पायांतली ताकद गेलेल्या माणसाला कुणी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं की मला हे तेल आठवतं.

मधुमेह म्हटलं की डोळे, किडनी, पायाची जखम एवढंच बोललं जातं. स्नायूंचं नाव कुणी घेत नाही. जिना चढताना मांड्या भरून येतात, उकिडवं बसलं तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. वयाचा वाटा असतोच. पण इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली साखर उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते आटलं की साखर चढते आणि चढलेली साखर त्याला आणखी आटवते.

त्यात आपल्याकडे स्नायूंचं हे भांडवल मुळातच तोकडं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. जन्मताना बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी मात्र बरीचशी टिकून होती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन यडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. स्वतःच्याच पोटाचा पुरावा देणारा संशोधक विरळा.

आता दुरुस्तीकडे येऊ. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत तंतूच्या अंगाला चिकटून बसलेल्या लहानशा पेशी दिसल्या. त्या सॅटेलाइट पेशी, म्हणजे स्नायूच्या घरच्याच स्टेम सेल. एरवी त्या झोपलेल्या असतात. तंतूला इजा झाली, भार पडला की उठतात, वाढतात, काही तंतूत मिसळून दुरुस्ती करतात आणि काही पुढच्या पाळीसाठी परत झोपतात. म्हणजे फिटर कारखान्यात आहेतच. मधुमेहात त्यांच्या भोवतीचं सगळं बिघडतं. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, नसा अधू होतात, तंतूंच्या मध्ये चरबी शिरते, दाह धुमसत राहतो. पेशींना हाक नीट ऐकू येत नाही. ऐकू आली तरी रसद पोचत नाही.

हा नुसता दृष्टान्त नव्हे. २००५ साली स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी म्हातारा उंदीर तरुण उंदराला जोडून दोघांचं रक्त एक केलं, तर म्हाताऱ्याच्या स्नायूंतल्या पेंगुळलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. तरुणाच्या पेशी येऊन हे काम करत नव्हत्या, तेही तपासलं होतं. उलट, नव्वदच्या दशकात ड्यूशेन या आनुवंशिक स्नायूविकारात बाहेर वाढवलेल्या पेशी टोचल्या, तेव्हा बहुतेक काही दिवसांतच मेल्या. उरल्या त्या सुईच्या वाटेपासून काही मिलिमीटरपलीकडे सरकल्या नाहीत.

मग बाहेरच्या पेशी निरुपयोगीच? तसंही म्हणवत नाही. अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या पेशी सहसा स्नायू बनत नाहीत. त्या रसायनं सोडतात, दाह शमवू पाहतात, रक्तवाहिन्यांना फुटवे आणू पाहतात. थोडक्यात, त्या उद्या कामी आल्याच तर फिटर म्हणून नव्हे, तेल गाळणारी गाळणी म्हणून येतील. मधुमेही स्नायूंसाठी अजून ते सिद्ध व्हायचं आहे.

तोवर तेल गाळायचे मार्ग साधेच आहेत. साखर ताब्यात ठेवणं, पुरेशी प्रथिनं, आणि भार. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो, आणि झोपलेल्या पेशींनाही भारच उठवतो. “मी आठ तास लाइनवर उभाच असतो की,” असं कुणी म्हणेल. उभं राहणं म्हणजे भार नव्हे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठून पाहा, फरक मांड्याच सांगतील. मात्र पाय बधिर असतील, किंवा मांडीत अचानक जोराची कळ येऊन ताकद गेली असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना गाठा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांवरचं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कुणी पायांच्या ताकदीसाठी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं, तर दर विचारू नका. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक विचारा.