बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३-१७



हंगामाच्या दिवसांत दावीद अदुल्लामच्या गुहेत होता आणि त्याच्या जन्मगावी, बेथलेहेमात, पलिष्ट्यांचे ठाणे पडले होते. वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी पाजील तर किती बरे, असे तो उत्कंठेने बोलून गेला. ते ऐकून तिघे वीर शत्रूची फळी फोडून गेले व पाणी घेऊन आले. दावीदाने मात्र ते प्राशन केले नाही, परमेश्वरापुढे ओतले. त्या पाण्यात त्याला तिघांनी पणाला लावलेले प्राण दिसले.

आपल्या हाती येणाऱ्या वस्तूंत आपल्याला काय दिसते? एक साधा सुती टी-शर्ट घ्या. कपाशीच्या शेतापासून कापड रंगवण्यापर्यंत त्यास सरासरी सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. शेतावर पडलेला पाऊसही त्यात धरलेला आहे. रोज तीन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाची तहान तेवढ्यात जवळजवळ अडीच वर्षे भागेल. दुकानातील चिठ्ठीवर पैशाची किंमत असते. या पाण्याची नोंद नसते.

आणि हे पाणी कोणाच्या तरी वाट्याचे असते. मध्य आशियातील अरल समुद्र हे एके काळी जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. १९६० नंतर सोव्हिएत राजवटीने मुख्यतः कापसासाठी अमुदर्या व सिरदर्या या नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले आणि समुद्र आटत गेला. उझबेकिस्तानातील मुयनाक हे मासेमारीचे बंदर होते. आज तेथे गंजलेल्या नौका वाळूत उभ्या आहेत. गालील समुद्राकाठच्या कोळ्यांना ज्याने हाक मारली, त्या प्रभूला हे कोळी परके कसे असतील?

कापूस पिकवणाऱ्यास दोष देऊ नये. त्यालाही पोट आहे. प्रश्न आपल्या हौसेचा आहे. दावीदाची तहान खरी होती, तरी त्या पाण्याचे मोल जाणून त्याने ते ओठांना लावले नाही. आपली कपाटे भरलेली असताना आपल्याला तर तहानही नसते.

नाताळ आला की घरोघरी नवे कपडे येतात. त्यात पाप नाही. परंतु विकत घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे. असलेला कपडा दुरुस्त करून आणखी एक वर्ष वापरावा आणि वाचलेला पैसा तहानलेल्या वस्तीच्या पाण्यासाठी द्यावा. तहानलेल्यास पाजलेले पाणी प्रभू स्वतःस पाजलेले मानतो (मत्तय २५).

बेथलेहेमात जन्मलेल्या तारणाऱ्यापुढे हेच आपले पेयार्पण ठरो. आमेन.