केलेलं जातं कुठे?

भारतीय दर्शनं शतकानुशतकं एकमेकांची मतं खोडत आली आहेत. आत्मा आहे की नाही, ईश्वर आहे की नाही, जग खरं की भासमान, कशावरच त्यांचं जमलं नाही. पण समोरच्याला निरुत्तर करायचं असलं की चार्वाक सोडून बहुतेक सगळे एकच हत्यार काढतात: तुझं मत मानलं तर कृतनाश होतो. म्हणजे केलेलं कर्म फळ न देताच नाहीसं होतं. त्याच्या जोडीला अकृताभ्यागम: जे केलंच नाही त्याचं फळ पदरात पडतं. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर, म्हणजे सगळं क्षणभरच टिकतं या मतावर, दोषांची यादी मांडली, तिच्यात पहिला दोष कृतनाशाचाच. मीमांसकांपुढे वेगळी अडचण होती. यज्ञ आज संपतो, फळ मेल्यानंतर मिळतं, मग मधल्या काळात त्या यज्ञाचं उरतं काय? त्यासाठी त्यांनी 'अपूर्व' नावाची न दिसणारी शक्ती मानली. एवढा खटाटोप कशासाठी, तर माणसाचं केलेलं वाया जातं हे कुणालाच कबूल करायचं नव्हतं.

हे सगळं मी पनागरच्या मुलांना संस्कृत शिकवताना अधूनमधून सांगत आले. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचं गाव आहे. रेल्वेने यायचं तर देवरी स्टेशनवर उतरायचं. जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेव्हा आमचं घराणं इकडे आलं. 1817 मध्ये तो अंमल गेला, आम्ही राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. साथीशीही आमच्या जिल्ह्याची ओळख लवकर झाली. मध्य प्रदेशातले करोनाचे पहिले चार रुग्ण 20 मार्च 2020 ला जबलपुरातच सापडले. त्यानंतरच्या दोन वर्षांत ज्या घरात कुणी गेलं नाही असं घर आमच्या गल्लीत शोधावं लागेल.

20 जानेवारी 2022, गुरुवार. जानेवारीत पनागर मटारमय असतं. शेतांतून पोती, बाजारात ढीग, घराघरांत परातीत शेंगा. संध्याकाळी मी आणि माझ्या भावाची नात सोलायला बसलो आणि तिने टीव्ही लावला. ही मुलगी 2004 सालची. जबलपूरच्या मैदानावर डाव्या बाजूची बचावपटू म्हणून खेळायची. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिलांच्या आशियाई चषकाचा सामना होता, भारत विरुद्ध इराण. बारा संघांची स्पर्धा, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी या तीन मैदानांवर, सगळी महाराष्ट्रात. त्यामुळे मला उगीच वाटत होतं की हे आपल्या घरचं कार्य आहे. नात मला खेळाडूंची नावं सांगत होती: कर्णधार आशालता देवी, गोलरक्षक अदिती चौहान, मनीषा कल्याण.

या मुली तिथवर कशा आल्या होत्या ते सांगितलं पाहिजे. ऑगस्ट 2021 पासून जमशेदपूरला शिबिर, मग परदेश दौरे, मग कोचीला शिबिर. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या मनाऊस शहरात त्या ब्राझीलशी खेळल्या आणि 6-1 ने हरल्या. पण तो एक गोल मनीषाने आठव्याच मिनिटाला केला होता. साथीच्या मधोमध, घरापासून महिनोन्‌महिने दूर, चाचण्या आणि विलगीकरण सोसत हे चाललं होतं. कष्ट कशाला म्हणायचं हे मला त्यांच्यामुळे नव्याने कळलं.

सामना 0-0 सुटला. भारताने संधी पुष्कळ निर्माण केल्या, गोल झाला नाही. इराणच्या मुली या स्पर्धेत प्रथमच उतरल्या होत्या. त्यांना स्पर्धेतला पहिलावहिला गुण मिळाला. सामन्याआधीच आपल्या दोघी करोनाबाधित निघाल्या होत्या. रविवारी, 23 तारखेला, चिनी तैपेईशी सामना होता. त्या दिवशी संघात आणखी खेळाडू बाधित आढळल्या. नियमाप्रमाणे किमान तेरा खेळाडू उभ्या करायच्या होत्या आणि भारताकडे तेरा उरल्या नव्हत्या. साथीच्या काळासाठी केलेल्या विशेष नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं. पुढच्या कलमानुसार भारताचे सर्व सामने रद्दबातल ठरले, झालेला इराणचा सामनासुद्धा.

नातीने मला विचारलं, "आजी, सामना झालाच नाही म्हणतात. मग त्या दिवशी आपण पाहिलं काय?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला, पण आमच्या शास्त्रात ते तयार होतं. वैशेषिक 'नसण्या'चे प्रकार पाडतात. घडा अजून घडलाच नाही, तो प्रागभाव. घडा होता आणि फुटला, तो प्रध्वंसाभाव. याला सुरुवात आहे, शेवट नाही. वाऱ्याला रंग कधीच नव्हता आणि कधीच नसेल, तो अत्यंताभाव. नव्वद मिनिटांचा सामना संपला की तो गेला, हे खरं. पण ते जाणं फुटलेल्या घड्याचं आहे. होता, म्हणून गेला. त्याला वाऱ्याच्या रंगाच्या रांगेत नेऊन बसवता येत नाही. झालेल्या गोष्टीला 'कधी नव्हतीच' करण्याची सत्ता नैयायिकांनी ईश्वराला दिल्याचंही माझ्या वाचनात नाही. मग ती एखाद्या स्पर्धेच्या समितीला कुठून आली?

समितीची बाजू मला समजते, आणि ती खोटी नाही. चार संघांच्या गटातून एक संघ मध्येच गळला. इराण त्याच्याशी खेळून बसलेला, चीन आणि तैपेई खेळणारच नाहीत. तो एक गुण धरला तर गटाची तुलना वाकडी होते. म्हणून गुणतक्त्यात तो सामना मोजू नये, हे मला मान्य. पण न मोजणं आणि न घडणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तक्ता ही माणसांनी आपल्या सोयीसाठी केलेली मांडणी आहे. तिच्यात काय धरायचं ते माणसांनी ठरवावं. मुलींचं धावणं ही मांडणी नव्हे. आणि इराणच्या मुलींचं काय? त्यांच्या संघात काहीच बिघडलं नव्हतं. पुढे त्या चीनकडून 7-0 आणि तैपेईकडून 5-0 हरल्या आणि शून्य गुणांनी परत गेल्या. त्यांनी कमावलेला गुण गेला, हा कृतनाश. आणि दुसऱ्याच्या आजाराचं फळ त्यांच्या वाट्याला आलं, हा अकृताभ्यागम. ज्या दोन दोषांना आपले बहुतेक सगळे आचार्य टाळत आले, ते एकाच कलमात एकत्र आले.

आमचे शेजारी धान्याचे व्यापारी आहेत, धार्मिक आणि अतिशय सज्जन. आमच्या गावात जैन मंदिरं आहेत, आणि सकाळी दर्शन घेतल्याशिवाय ते दुकान उघडत नाहीत. भारताच्या माघारीची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बहनजी, ज्याचं त्याचं कर्म. काही तरी मागचं असणार, ते उदयाला आलं." मी त्यांचा मान ठेवते, पण हे मी ऐकून घेतलं नाही. मी म्हटलं, "भाईसाहेब, तुमच्याच शास्त्रात बांधलेलं कर्म भोगून नाही तर तपाने झडतं. कुणाच्या ठरावाने झडत नाही ना? मग या मुलींनी सहा महिने केलेलं तप ठरावाने कसं झडलं?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठराव कर्म नाही झाडू शकत, हे बरोबर."

त्यांच्याशी माझा वाद एवढ्यावर संपला, पण माझ्या मनातला नाही. दुसऱ्या लाटेत मी पाहिलं आहे, तरण्याताठ्या मुलाला ऑक्सिजन मिळाला नाही आणि भेटायला आलेल्यांनी आईला प्रारब्ध ऐकवलं. कर्मसिद्धांत माणसाला स्वतःच्या कृतीची जबाबदारी घ्यायला शिकवतो, म्हणून तो मला प्रिय आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडायला तो कुणी वापरू नये. त्यात 'किमान तेरा' हा आकडा आणि 'रद्दबातल' हे कलम तर आमच्यासारख्याच हाडामांसाच्या माणसांनी बैठकीत बसून लिहिलेलं. त्याला मागच्या जन्माचं नाव देणं हा त्या जन्मावरही अन्याय आहे.

मग गीता येते. फळाची आशा न ठेवता कर्म कर, हा दुसऱ्या अध्यायातला उपदेश त्या आठवड्यात मी अनेकांच्या तोंडून ऐकला. मीही तो वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून समजावला आहे. पण तो उपदेश कुणी कुणाला केला ते पाहावं. रणात उतरणाऱ्याला, त्याचा रथ हाकणाऱ्याने, त्याच्याबरोबर त्याच रणात उभं राहून. खेळाडूने तो स्वतःला सांगावा. त्याने तिचे पाय हलके होतील. फळ वाटण्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो खेळाडूला सांगू नये. शेतकऱ्याला मटाराचा भाव न देता व्यापाऱ्याने निष्काम कर्म ऐकवलं तर पनागरच्या बाजारात कुणी ऐकून घेईल का? फळाची आसक्ती सोडणं हा कर्त्याचा धर्म, आणि ज्याचं फळ त्याला पोचवणं हा वाटणाऱ्याचा. पहिल्याचा आधार घेऊन दुसरा टाळता येत नाही.

वाटणाऱ्यांचा हात कुणासाठी सैल असतो हेही त्याच काळात दिसलं. 4 मे 2021 ला बाधित खेळाडूंमुळे आयपीएल थांबली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमिरातीत नेऊन ती पुरी केली. त्याच जानेवारी 2022 मध्ये गोव्यात पुरुषांच्या इंडियन सुपर लीगचे सामने करोनामुळे पुढे ढकलले आणि नंतर खेळवले. लीगला महिने असतात, आशियाई चषकाला जेमतेम अठरा दिवस होते, हा फरक मी मानते. पण महिलांची राष्ट्रीय लीगसुद्धा लीगच होती. 14 फेब्रुवारी 2020 ला गोकुलम केरळने बंगळुरूत ती जिंकली. कोल्हापूर सिटीचा संघही त्या हंगामात होता. पुढचा हंगाम झालाच नाही. त्यानंतरचा विजेता ठरला तो थेट मे 2022 मध्ये भुवनेश्वरला, पुन्हा गोकुलम केरळ. मधल्या काळात ज्या मुलींचं खेळण्याचं वय होतं त्यांच्यासाठी कुणी अमिरात शोधली नाही.

आणि वय ही गोष्ट सगळ्यांत कठीण. सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात नोव्हेंबर 2020 मध्ये व्हायचा होता. तो फेब्रुवारी 2021 वर गेला आणि 17 नोव्हेंबर 2020 ला रद्द झाला. भारताला त्याऐवजी 2022 ची स्पर्धा मिळाली, ऑक्टोबरात ती भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झालीही. फिफाच्या आणि देशाच्या हिशेबात भरपाई झाली. पण 2020 च्या स्पर्धेला 2003 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली चालणार होत्या, 2022 ला 2005 मधल्या किंवा त्यानंतरच्याच. 2003 आणि 2004 मध्ये जन्मलेल्या ज्या मुली शिबिरात घाम गाळत होत्या त्यांच्यासाठी दार कायमचं बंद झालं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, मध्येच मार्ग तुटलेल्या साधकाचं काय होतं, तो दोन्हीकडून जातो का? कृष्ण आश्वासन देतो की असा माणूस नष्ट होत नाही, जिथे थांबला तिथून पुढच्या जन्मी चालू लागतो. मला हे आश्वासन खरं वाटतं. पण सतरा वर्षांखालच्या गटाला पुढचा जन्म नाही. तिथे कृष्णाचं वचन पाळायचं असेल तर ते माणसांनी पाळायला हवं होतं. त्या दोन जन्मवर्षांच्या मुलींसाठी वेगळी स्पर्धा, वेगळे दौरे, काही तरी.

5 जुलै 2025 ला थायलंडमधल्या चियांग माईला भारताने थायलंडला 2-1 ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ. आम्ही घरात पेढे वाटले. पण कुणी म्हणालं की बघा, 2022 चं फळ 2025 ला मिळालं, तर मी हात जोडून नाही म्हणेन. 2025 चा विजय 2025 च्या मुलींनी कमावला आहे, तो पूर्णपणे त्यांचा. 2022 च्या मुलींचं येणं अजून बाकी आहे. एकीचं येणं दुसरीच्या पदरात टाकून हिशेब मिटला म्हणणं, हेच तर ते दोन दोष.

माझी नात आता खेळत नाही, ती नर्सिंग शिकते आहे. तिच्या दोन हंगामांची कुठेच नोंद नाही: ना सामने, ना प्रमाणपत्र, ना खेळाच्या कोट्यासाठी दाखवायला एखादा कागद. पण ती रोज पहाटे गच्चीवर चेंडू घेऊन सराव करत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि माझ्यापुरतं ते झालेलं आहे. अशा मुली जबलपूरला आहेत, नागपूरला आहेत, कोल्हापूरला आहेत. त्यांच्या प्रशिक्षकांना, क्रीडाशिक्षकांना आणि जिल्हा संघटनांच्या चिटणीसांना माझी विनंती आहे. 2020 आणि 2021 मध्ये कोणती मुलगी सरावाला येत होती, कोणत्या निवडीपर्यंत पोचली होती, हे तुम्हाला आठवत असेल. जुनी हजेरीपुस्तकं रद्दीत घालू नका. तेवढं कागदावर लिहा, खाली सही करा आणि तो कागद त्या मुलींच्या हाती द्या.