गवताचे औषध परीक्षानळीत ठरत नाही

गाय व्याली आणि वार वेळेवर पडली नाही, की अनेक घरांत अजूनही बांबूचा हिरवा पाला तोडून तिच्यापुढे टाकतात. जखमेवर हरळी ठेचून बांधतात. बांबू, हरळी, गवती चहा, वाळा ही सारी एकाच गवत कुळातली. गुराखी, धनगर, गवळी आणि घरातल्या जाणत्या बायका यांनी हे उपचार पिढ्यान् पिढ्या सांभाळले. त्यांची कसून परीक्षा व्हावी, इतकी त्यांची योग्यता नक्कीच आहे. आज मात्र त्यांच्या वाट्याला येते ती अर्धवट परीक्षा आणि घाईने दिलेले प्रमाणपत्र.

ही परीक्षा बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. गवत वाळवायचे, दळायचे, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा आणि तो डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात मिसळायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असतील तर जांभळा रंग फिकटत पिवळा होतो. 517 नॅनोमीटर तरंगलांबीवर हा बदल मोजतात. ब्लॉइस यांनी 1958 साली मांडलेली ही पद्धत सोपी, स्वस्त आणि उपयोगी आहे. पण रंग बदलला म्हणून ‘पारंपरिक उपचाराला शास्त्रीय आधार मिळाला’ असे लिहिले जाते, तिथे माझा आक्षेप आहे. रंग बदलला काचेच्या नळीत. आजारी होती ती गाय.

मुळात दळलेले गवत कोणते, हेच आधी ठरावे लागते. गवते तुऱ्यावरून ओळखतात. वाळून चुरा झालेल्या पाल्याला तुरा कुठला? इथे शरीररचनेचा अभ्यास कामी येतो. हरळीच्या पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की प्रत्येक शिरेभोवती हरितद्रव्याने भरलेल्या मोठ्या पेशींचे कडे दिसते. बांबूच्या पानात असे कडे नसते. तिथे शिरांच्या दोन्ही बाजूंना मोठ्या, रंगहीन, चातीच्या आकाराच्या पेशी असतात आणि भोवतीच्या हिरव्या पेशींच्या भिंती आत दुमडलेल्या असतात. पानांच्या त्वचेत सिलिकाचे कण असतात आणि त्यांचे आकारही गटागटांनुसार बदलतात. पान जळले तरी हे कण राखेत टिकतात. मेटकाफ यांनी 1960 मध्ये गवतांच्या शरीररचनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या खुणा अभ्यासकांच्या हाताशी आहेत. त्या न पाहता काढलेला अर्क नेमका कशाचा, हे खात्रीने सांगता येत नाही.

गवताची रचना आणखी एक गोष्ट सांगते. गवतातील फेरुलिक आम्लासारखी अनेक फिनॉलिक द्रव्ये पेशीभित्तिकेतल्या शर्करासाखळ्यांना रासायनिक बंधांनी घट्ट जोडलेली असतात. साध्या मिथेनॉलने ती सुटत नाहीत. म्हणजे अर्क तपासताना त्यांचा मोठा वाटा चोथ्याबरोबर फेकला जातो. गाईच्या कोटीपोटात मात्र ही बंधने तोडणारी विकरे जीवाणूंकडे आणि बुरशींकडे असतात. तिथे द्रव्ये सुटतात, पण तशीच राहत नाहीत. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या त्या पोटात सूक्ष्मजीव त्यांचे रूप पालटतात. बदललेली द्रव्ये रक्तात शिरतात आणि अखेर बरीचशी हिप्पुरिक आम्ल होऊन मूत्रावाटे बाहेर पडतात. नळीत जे तपासले ते गाईच्या रक्तात पोहोचेलच असे नाही आणि जे पोहोचते ते नळीत तपासलेलेच नसते. माणसाच्या आहाराबाबतही हाच धडा मिळाला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली सूची 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. नळीतल्या आकड्यांवरून शरीरावरचा परिणाम ठरत नाही, हेच त्यामागचे कारण होते.

म्हणून बांबूचा पाला निरुपयोगी ठरतो का? मुळीच नाही. विण्याच्या आगेमागे गाईच्या शरीरावर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. हा ताण आवरणाऱ्या सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता ज्या गाईंत असते, त्यांना ही द्रव्ये दिल्यावर वार अडकण्याचे प्रमाण घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. बांबूच्या पानांत ओरिएन्टिन, व्हायटेक्सिन यांसारखी फ्लेव्होनॉइड्स असतात आणि त्यांच्या अर्काला चीनमध्ये अन्नातील अँटिऑक्सिडंट म्हणून मान्यता आहे. तेव्हा शंका रास्त आहे, तशी आशाही रास्त आहे. निकाल मात्र गोठ्यातच लागायला हवा. काही व्यालेल्या गाईंना बांबूचा पाला द्यावा, काहींना तेवढाच दुसरा हिरवा चारा द्यावा आणि वार किती तासांनी पडली ते टिपावे. या कामाला महागडे यंत्र लागत नाही. चिकाटी आणि पशुपालकांचा विश्वास लागतो.

सावधगिरीचे कारणही याच गवत कुळात आहे. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते. फुटवे चघळले गेले की हायड्रोजन सायनाइड सुटते आणि धडधाकट जनावर बघता बघता दगावते. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात हा धोका वाढतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत जनावराच्या जिवावर बेतू शकते. कोणते गवत, कोणत्या वाढीचे, किती आणि केव्हा, हे नेमके माहीत असणे हेच तर पारंपरिक ज्ञानाचे मर्म. चूर्ण करून अर्क काढताना नेमके तेच गळून जाते.

पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांनी हे काम एकत्र करावे. गवताचा नमुना जपावा, पानाचा छेद पाहावा, मग रसायन तपासावे आणि शेवटी गोठ्यात जावे. ज्या माणसाने उपचार सांगितला त्याचे नाव, त्याच्या संमतीने, गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत लिहावे. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे तशी सोय झालेली आहे. पशुपालकांना एवढेच सांगणे आहे: पाला जरूर घाला, पण बारा तास उलटूनही वार पडली नाही, तर पशुवैद्यकाला बोलवा.