यमक आणि सत्यवचन

आषाढी एकादशीच्या उत्सवासाठी आमच्या देवस्थानने एक लहानशी पुस्तिका काढण्याचे ठरविले, तेव्हा तिच्यात काही अभंगांचे इंग्रजी पद्यरूप असावे, अशी सूचना पुढे आली. महाजनांपैकी कित्येकांची नातवंडे आज परदेशी वाढत आहेत. त्यांना मराठी ऐकून समजते, वाचता येत नाही. त्यांना गाता येईल असे काही इंग्रजीत असावे, आणि गाता यावयाचे तर त्यास यमक हवे. हे काम माझ्याकडे आले. काम लहान होते; परंतु त्यात एका शब्दापाशी मी अडलो, आणि त्यातून जो प्रश्न निघाला तो मला लहान वाटत नाही.

पहिल्या चरणाच्या शेवटी 'लॉर्ड' हा शब्द आला होता. त्याच्याशी जुळणारे इंग्रजी शब्द मोजकेच. 'सॉर्ड' म्हणजे तलवार, 'रिवॉर्ड' म्हणजे बक्षीस, 'कॉर्ड' म्हणजे दोरी, 'अकॉर्ड' म्हणजे एकमत, आणि असेच आणखी काही. 'लॉर्ड' सोडून 'गॉड' घ्यावा तर समोर उभी राहते ती 'रॉड', म्हणजे छडी. विटेला 'ब्रिक' म्हणावे तर तिच्या जोडीला 'ट्रिक', म्हणजे कपट! अखेर मी 'सॉर्ड' घेतला. ओळ मोठ्या ठसक्यात बसली. दुष्टांचे निर्दालन करणारा देव तिच्यात डौलाने उभा राहिला. ज्यांना ती वाचून दाखविली, त्यांनाही ती आवडली. तीन दिवस ती तशीच राहिली. पंढरीचा देव दोन्ही हात कटेवर ठेवून उभा आहे, त्याच्या हाती तलवार नाही, हे मला चौथ्या दिवशी खटकले. खरे पाहता ते मला पहिल्या दिवशीही ठाऊक होते.

हे असत्य कोणाचे? मला कोणास फसवावयाचे नव्हते. तलवार मी आणली नाही, ती शब्दाच्या मागून आली. परंतु 'मी बोललो नाही, यमक बोलले' हा बचाव कोणत्या न्यायासनापुढे टिकेल? ज्या मुलाने मूर्ती कधी पाहिली नाही, त्याच्या मनात सशस्त्र पांडुरंग उभा राहिला असता, आणि तो माझ्या हातून.

इंग्रजी भाषा या बाबतीत दरिद्री का, हे थोडे पाहिले पाहिजे. तिचे सर्वांत जुने काव्य, 'बेओवुल्फ'सारखे, यमकावर चालत नसे. शब्दांच्या आरंभीच्या वर्णांची आवृत्ती हा त्याचा बंध होता. लॅटिन स्तोत्रांतून आणि, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, फ्रेंच काव्यातून अंत्ययमकाची चाल तेथे रुळली. त्याच काळात इंग्रजी शब्दांचे विभक्तिप्रत्यय झडत गेले. म्हणजे यमकाची हौस आली आणि यमक पुरविणारे प्रत्यय गेले! चौदाव्या शतकातील चॉसर या थोर कवीनेच इंग्रजीत यमकांचा दुष्काळ असल्याची तक्रार केलेली आहे. 'मंथ' किंवा 'ऑरेंज' यांसारख्या नित्याच्या शब्दांना नित्याच्या व्यवहारातला जोडीदार सापडत नाही. त्यात लिपीचा घोटाळा निराळाच. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांचा लेखनात शेवट एकच; उच्चारात त्यांचा संबंध नाही. अशा जोड्यांना तेथे डोळ्यांचे यमक म्हणतात. देवनागरी वाचणाऱ्याला ही कल्पना चमत्कारिक वाटेल.

(आपण ज्याला सध्या यमक म्हणतो, तो संस्कृत साहित्यशास्त्राप्रमाणे अंत्यानुप्रास होय. खऱ्या यमकात तोच वर्णसमूह निराळ्या अर्थाने पुन्हा यावा लागतो. पण रूढीपुढे शास्त्राचे काय चालणार!)

मराठीची गोष्ट उलट आहे. आपली क्रियापदे आणि विभक्तीची रूपे यमके जणू ओंजळीने देतात. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. ज्या साष्टीतून आमची दैवते अंत्रुज महालात हलवावी लागली, त्याच साष्टीतील राचोल येथे १६१६ साली त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले. त्या काळच्या जखमा विसरण्याचे कारण नाही. पण ज्या माणसाची मातृभाषा यमकांना इतकी कृपण, त्याने मराठी ओवीचे तीन-तीन चरण जुळवीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या, हा भाषेच्या औदार्याचा पुरावा आहे. अर्थात औदार्याचाही दोष असतोच. 'साचार' आणि 'निर्धार' हे शब्द आपल्या जुन्या पद्यात किती वेळा केवळ जागा भरण्यासाठी बसले आहेत! दरिद्री भाषेत कवी अडून खोटे बोलतो, श्रीमंत भाषेत सैल बोलतो.

मिल्टनने १६६७ साली 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य यमकाविना प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्याला एक छोटे निवेदन जोडले. यमकाच्या बंधनामुळे कवींना अनेक गोष्टी मनात असतील त्याहून निराळ्या, आणि बहुधा वाईट रीतीने सांगाव्या लागतात, असा त्याचा आक्षेप आहे. माझ्या तलवारीचे वर्णन याहून अचूक होणार नाही. त्याच्या अगोदर, १६०३ मध्ये, सॅम्युएल डॅनिएल याने यमकाची बाजू मांडली होती. यमक समर्थ कवीला अडवीत नाही, उलट त्याला पंख देते, असे तो म्हणतो. हेही मला खोटे म्हणवत नाही. इंग्रजीत मृत्यू म्हणजे 'डेथ', आणि त्याला जुळणारा जवळजवळ एकच शब्द 'ब्रेथ', म्हणजे श्वास. मरणाविषयी यमकात लिहू पाहणाऱ्या इंग्रज कवीला त्यामुळे शेवटच्या श्वासापाशीच पुन्हा पुन्हा यावे लागते. मराठीत 'मरण' म्हणताच शरण, स्मरण, चरण असे एकामागून एक शब्द चालत येतात. यांचे धातू निरनिराळे, अर्थाने त्यांचे काही नाते नाही. मग मरणसमयी देवाचे चरण आठवावे, ही आपली शिकवण काय प्रत्ययांच्या योगायोगातून आली? तसे मी म्हणणार नाही. ज्याच्या चित्तात चरण आधीच होते, त्याला भाषेने हात दिला, इतकेच.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या प्रश्नाला हात घातला आहे. ज्या अलंकारासाठी कवीला निराळा यत्न करावा लागत नाही, रसाच्या ओघातच जो सिद्ध होतो, तोच ध्वनिकाव्यात मान्य, असे तो सांगतो. आणि शृंगारात, विशेषतः विरहाच्या वर्णनात, यमकाचा हव्यास हा कवीचा प्रमाद मानतो. समर्थांनी 'दासबोधा'च्या चौदाव्या दशकात धीट, पाठ आणि प्रासादिक असे कवित्वाचे भेद केले, त्यातही हाच विवेक आहे. परंतु आमच्यासारख्यांचे काय? प्रासादिक वाणी ज्यांना लाभलेली नाही, त्यांना यत्न केल्यावाचून गत्यंतर नाही. शब्दांची यादी समोर घेऊन बसणे यात मला पाप दिसत नाही. जॉन वॉकर याने १७७५ सालीच शेवटच्या अक्षरांच्या क्रमाने लावलेला इंग्रजी कोश छापला होता, आणि आज तर संगणक क्षणात यादी देतो. शब्द कोठून आला, हा मुद्दा नव्हे. तो आल्यावर आपण त्याला काय विचारतो, हा आहे. मी स्वतःला एवढेच विचारले, की मूर्तीसमोर उभे राहून हीच गोष्ट साध्या गद्यात म्हणशील काय? तलवार त्या प्रश्नाला उतरली नाही. बक्षीसही उतरले नाही, कारण निष्काम वारकऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

कार्यकारिणीतील एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांना मात्र हे पटले नाही. "अहो, यमक असले तर पोरांच्या तोंडी बसेल. एका तलवारीने काय बिघडते? देवाचे नाव तरी राहील," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला झिडकारता आले नाही. यमक ही स्मरणाची दोरी आहे. ज्यांनी कधी पोथी वाचली नाही, अशांच्या तोंडीही आरत्या तिच्या बळावर राहिल्या आहेत. परदेशातील ज्या मुलांसाठी हा खटाटोप, ती ओळच विसरली, तर माझ्या खरेपणाचा त्यांना काय उपयोग?

शेवटी 'सॉर्ड' या शब्दाच्या इंग्रजी लेखनातील पहिले अक्षर मी काढून टाकले. उरतो तो 'वर्ड', म्हणजे शब्द. त्याला मी नामाच्या अर्थाने घेतले. 'लॉर्ड' आणि 'वर्ड' ही जोडी जुन्या इंग्रजी स्तोत्रकारांनीही चालवून घेतलेली आहे. डोळ्यांना ती जुळते, कानांना जुळत नाही. पुस्तिका छापून झाली. उत्सवाला आलेल्या मुलांनी ते पद म्हटले, तेव्हा बाकीच्या ओळी त्यांनी मोकळ्या गळ्याने म्हटल्या, आणि त्या एका ठिकाणी सगळी थोडी अडखळली. ते गृहस्थ माझ्याकडे पाहत होते.