शिलोहाचा बुरूज आणि आपले रस्ते

मागच्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध बंधू सायंकाळच्या प्रार्थनासभेहून घरी परतत असता, उड्डाणपुलाच्या चढावर मोटारीचा धक्का लागून सायकलवरून पडले आणि तिसऱ्या दिवशी प्रभूकडे गेले. दफनविधीच्या वेळी कोणीतरी म्हणाले, "देवाची इच्छा." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. शोकाच्या प्रसंगी हे शब्द सहज तोंडी येतात, आणि बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचाच असतो. परंतु पुढे काही दिवसांनी आम्ही तो पूल मुद्दाम पायी चढून पाहिला, तेव्हा आपण मान डोलावली ती बरी केली की वाईट, असा प्रश्न मनात उभा राहिला.

पुलावर मोटारींसाठी आखलेले पट्टे थेट कडेच्या भिंतीपर्यंत गेले आहेत. सायकलवाल्याने बाजूला व्हावे म्हटले तर हातभरही जागा नाही. चढावर वृद्ध माणसाची सायकल सरळ रेषेत राहत नाही, ती थोडी डोलणारच. आणि मागून येणारी मोटार तर उतार दिसेपर्यंत वेग वाढवीतच येणार. पुलाला कठडा आहे, चांगला भक्कम आहे. तो मोटार खाली पडू नये म्हणून आहे. ह्या पुलाचा नकाशा माणसांनी काढला, माणसांनी मंजूर केला, आणि उद्घाटनाच्या दिवशी आम्हीही तेथून हौसेने जाऊन आलो. मग देवाच्या इच्छेच्या खाती आम्ही नेमके काय जमा केले?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. मेलेले लोक यरुशलेमातील इतर रहिवाशांपेक्षा अधिक दोषी होते काय, हा प्रश्न प्रभूने स्वतःच काढला आणि त्याला साफ नकार दिला. एवढे आपण नेहमी वाचतो. पुढचे मात्र घाईने वाचतो. पश्चात्तापाची हाक तेथे जे वाचले, जे ऐकत उभे होते, त्यांना दिलेली आहे. बुरूज कोणी बांधला, तो खचत असल्याचे कोणाला दिसले होते, हे शुभवर्तमान सांगत नाही. तथापि अपघातातून जे सुखरूप उरले त्यांनी स्वतःकडे पाहावे, एवढे निश्चित सांगते. आम्ही उरलेल्यांपैकी आहोत.

बांधणाऱ्याच्या जबाबदारीविषयी मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर. नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. पडणारा बेसावध होता की काय, ह्याची चौकशी तो नियम करीत नाही. माणूस कधीतरी बेसावध असतोच, हे तो गृहीत धरतो. त्याच ग्रंथात आश्रयनगरांकडे जाणारे रस्ते तयार ठेवण्याचीही आज्ञा आहे. जिवाच्या भीतीने पळणाऱ्याला रस्ता सापडलाच पाहिजे. नियमशास्त्रातील हे भाग आपल्या प्रवचनांत क्वचितच येतात.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली वाहतुकीचे जे धोरण स्वीकारले, ते वाचताना आम्हांला ह्या कठड्याची आठवण झाली. त्याचे सार असे की, रस्त्यावर एकही मृत्यू नैतिक दृष्ट्या मान्य होण्याजोगा नाही. माणूस चुकणारच, म्हणून त्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागू नये अशी रस्त्याची रचना हवी, आणि ही जबाबदारी वाहन चालवणाऱ्याइतकीच रस्ता बांधणाऱ्याचीही आहे. मनुष्याच्या दुर्बलतेविषयी आपण दर रविवारी कबुली देतो. त्या लोकांनी ती रस्त्याच्या नकाशात आणली. वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेत बहुतेक माणसे वाचतात, ६० च्या धडकेत त्याहून पुष्कळ कमी. त्या देशात तेव्हा वर्षाला पाचशेहून अधिक माणसे रस्त्यांवर मरत. आता तो आकडा निम्म्याहून कमी आहे.

हॉलंडची कथा अधिक बोचरी आहे. तेथे १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली लहान मुलगी शाळेच्या वाटेवर गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली एक लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्याची चळवळ झाली. मथळ्याचा अर्थ 'बालहत्या थांबवा' असा होता. डच भाषेत हाच शब्द हेरोदाने बेथलेहेमात केलेल्या संहारासाठी वापरतात, म्हणून तो त्या लोकांच्या कानांवर कसा आदळला असेल ह्याची आपण कल्पना करू शकतो. पुढच्याच वर्षी तेलाची टंचाई आली आणि नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद राहिल्या. रिकाम्या हमरस्त्यांवर मुले चाकांच्या बुटांवर घसरत होती. त्यानंतरच्या वर्षांत सायकलींसाठी वेगळे मार्ग आखले गेले. आज तेथील चारांत एकाहून अधिक प्रवास सायकलवर होतात, आणि रस्त्यांवरचे मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास आले आहेत. तेही सातशेच, स्वर्ग तेथे उतरलेला नाही.

आपल्याकडे हे चालायचे नाही, अंतरे मोठी, ऊन फार, असे कोणी म्हणेल. उन्हाची तक्रार खरी आहे. पण सायकल चालवणारे आपल्याकडे आधीपासून आहेत, हे आपण विसरतो. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांची मोजदाद झाली. त्यांत सायकलने जाणारे सुमारे २ कोटी ६० लाख निघाले, आणि मोटारीने किंवा जीपने जाणारे सुमारे ५४ लाख. रस्ता मात्र त्या ५४ लाखांच्या मापाने बेतलेला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करावा असे म्हटले होते. त्यानंतर सात वर्षांनी, २०१३ साली, कोलकात्यात १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी झाली; त्यांच्यामुळे वाहतूक मंदावते, हे कारण. दूधवाला, वर्तमानपत्रवाला, डबेवाला ह्यांनी रस्ता अडवला, आणि एकेका माणसासाठी दहा हात जागा व्यापणाऱ्या मोटारीने अडवला नाही! पुढे ओरड झाल्यावर रस्त्यांची संख्या कमी केली गेली. हैदराबादेत २०२३ साली बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरचा, वर सौरपत्र्यांचे छप्पर असलेला सायकलमार्ग झाला. उन्हाला उत्तर निघू शकते हे त्याने दाखवले. पण कामाला जाणारा सुतार बाह्यवळणावर राहत नाही. त्याची वाट बाजारातून जाते. पुण्यात, एके काळच्या सायकलींच्या शहरात, आखलेल्या मार्गांवर मोटारसायकली उभ्या असतात, हे तेथील वाचक आम्हांला सांगण्याआधी आम्हीच सांगून टाकतो.

सायकलवालेही उलट्या दिशेने येतात, दिवा लावत नाहीत, हे खरे. आमच्या लहानपणी दिव्यावाचून निघाले की पोलीस हवा सोडून देई, आणि डबलसीटला दंड होई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असे. त्या कडकपणात एक मान होता: सायकल हे वाहन आहे आणि रस्त्यावर तिचे स्थान आहे, असे सरकार मानीत होते. उपदेशक सायकलवरून खेडोपाडी जात, पाळकसाहेब भेटी देत ते सायकलवरच. आज मंडळीत कोणी सायकलवर आला तर त्याची परिस्थिती बेताची असावी, असे आपण मनात ठरवून टाकतो. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याला दिलेल्या आसनाची गोष्ट आहे. तिच्यातील अंगठीच्या जागी आता चाव्यांचा जुडगा आला आहे.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, हेही सांगितले पाहिजे. सहा वर्षांपूर्वी आमच्या मंदिराच्या आवारात मोटारींना जागा पुरेना, तेव्हा पंचांच्या सभेत सायकलींचा पत्र्याचा मांडव काढण्याचा ठराव झाला. ठरावाला विरोध झाला नाही. मांडव तसा गंजलाच होता. आमचा हात वर होता. त्यानंतर ते वृद्ध बंधू आपली सायकल फाटकाबाहेर कडुलिंबाला टेकवून ठेवीत, आणि पाऊस आला की उपासना चालू असताना एकदा तरी खिडकीतून बाहेर पाहत. आम्ही त्यांच्या मागच्याच बाकावर बसत असू. ते काय पाहतात हे आम्हांला ठाऊक होते.

गेल्या महिन्यात पुलावर सायकलींसाठी पट्टा राखावा आणि चढावर वेगाला मर्यादा घालावी, असा अर्ज मंडळीच्या वतीने महानगरपालिकेला दिला. त्यावर ७३ सह्या आहेत. मांडव पुन्हा उभारण्याचा विषय पंचांच्या येत्या सभेत आहे; त्यासाठी दोन मोटारींची जागा सोडावी लागेल. त्यांतली एक आमची आहे.