आजी दीक्षा विसरली तर?



आज एक नाजूक प्रश्न तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. चारचौघांत तो कोणी बोलून दाखवीत नाही; पण तो अनेक घरांत आहे.

समजा, तुमच्या घरी ऐंशी ओलांडलेली आजी आहे. मुलानातवंडांबरोबर तिनेही दीक्षा घेतली. घरातले देव तिने स्वतःच्या हातांनी नदीत सोडले. गेली दोन वर्षे ती विसरू लागली आहे. आधी चष्मा कोठे ठेवला ते, मग आपण जेवलो की नाही ते, मग नातवाचे नाव. आणि एके दिवशी तथागतांच्या मूर्तीसमोर बसून ती मरीआईला हाक मारते. घरची माणसे चपापतात. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवतात. मुलगा दरडावतो, "आई, आपण बौद्ध आहोत. बावीस प्रतिज्ञा विसरलीस काय?"

होय, ती विसरली आहे. तर मग तिची दीक्षा मोडली काय? आणि अशा माणसाशी आपण कसे वागावे?

प्रथम एक खुळी समजूत दूर करू. शेजारी कुजबुजतात, "देव सोडले, म्हणून म्हातारीचे डोके फिरले." १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एकावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावसुद्धा धड लिहिता येईना. १९०६ साली ती वारली तेव्हा डॉ. अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. तो झिजलेला होता आणि त्यातील पेशींत गुंतवळ झाले होते. त्या बाईने कोणती मरीआई सोडली होती? हा मेंदूचा आजार आहे. त्याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना तो आहे. त्यांत सर्व जातींची आणि सर्व धर्मांची माणसे आहेत. तेव्हा आजीला भगताकडे नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असली तरीही विसरभोळेपणा येतो, आणि त्यावर इलाज आहे.

पण तिला नेमकी मरीआईच का आठवते? रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली दाखवून दिले की स्मृती ढासळते तेव्हा अलीकडचे आधी जाते आणि जुने उशिरापर्यंत टिकते. भिंतीचा वरचा गिलावा आधी पडावा आणि आतली जुनी माती उघडी व्हावी, तसेच हे आहे. आजीने धम्म नाकारलेला नाही. ती आपल्या मनाने दहा वर्षांची झाली आहे, आणि दहाव्या वर्षी तिच्या घरात मरीआई होती.

आता दीक्षेचा प्रश्न. तथागतांनी चेतनेलाच कम्म म्हटले आहे. जाणूनबुजून जे केले ते कम्म. आजाराने हात जोडले गेले, त्यात प्रतिज्ञा मोडण्याची चेतना कोठे आहे? विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्षूची हकीकत आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. भगवंतांनी त्याला संघातून काढले नाही. त्याला आठवो न आठवो, तो येवो न येवो, संघाने आपले काम करावे, अशी रीतसर संमती दिली. पुढे गग्ग बरा झाला, तरी काही भिक्षू त्याला छेडीतच राहिले, "तू अमुक अपराध केलास, आठवते काय?" तो म्हणे, "मला आठवत नाही." त्यांनी छेडणे थांबवावे म्हणून भगवंतांनी त्यासाठी वेगळा नियमच घालून दिला.

वाचकहो, आपल्या घरात रोज काय चालते ते आता आठवा. "मी कोण, सांग बघू? आज वार कोणता? आत्ताच जेवलीस ना?" आपण आजीची परीक्षा घेत असतो आणि ती रोज नापास होत असते. हे छेडणे थांबवा. "आजी, मी तुझा नातू, शाळेतून आलो," असे आपणच आधी सांगावे.

म्हणून देव्हारा पुन्हा मांडावा काय? मुळीच नको. तुम्ही जाणतेपणाने प्रतिज्ञा घेतल्या आहेत, त्या तुम्ही पाळा. पण तिचे जोडलेले हात ओढून सोडवू नका. जात्यावरची एखादी ओवी ती गुणगुणू लागली आणि त्यात जुन्या देवाचे नाव आले, तर मध्येच टोकू नका. तिच्याजवळ बसा. मरीआईला ती हाक मारते तेव्हा बहुधा तिला भीती वाटत असते. त्या भीतीला उत्तर द्या.

कोणी म्हणेल, तिला काही उमगत नाही, मग कसेही वागले तर काय बिघडते? बिघडते. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात या आजाराच्या रुग्णांना दुःखद आणि आनंददायक चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते ते लवकरच विसरले, पण मनातले दुःख वा आनंद त्यानंतरही टिकून राहिला. म्हणजे तुम्ही ओरडलात हे आजी विसरेल, पण ओरडण्याने झालेला चटका तिच्या मनात तसाच राहील. प्रेमाने हात धरलात तर त्याची ऊबही तशीच राहील.

आता खरे-खोटे. आजी विचारते, "धनी अजून का आले नाहीत?" आजोबा जाऊन वीस वर्षे झाली. "ते मेले" असे सांगाल तर ती नव्याने विधवा होईल, आणि उद्या विचारील तेव्हा पुन्हा होईल. "संध्याकाळी येतील" म्हणाल तर तुमचे चौथे शील ढळेल. मग करावे काय? राजकुमार अभय याला भगवंतांनी सांगितले होते की तथागत खरे आणि हिताचे असेल तेच बोलतात, आणि तेही योग्य वेळ पाहून. खरे असूनही ज्यात हित नाही, ते बोलत नाहीत. तेव्हा आजीला म्हणा, "त्यांची आठवण येते ना? त्यांना जेवायला काय आवडायचे?" यात खोटे काही नाही आणि घावही नाही. मात्र आजाराच्या आरंभी, माणसाला समजत असताना, त्याच्यापासून आजार लपवू नका. तेव्हा खरे सांगणे हिताचे असते. आणि त्याला समजेनासे झाल्यावर कागदावर त्याचा अंगठा उमटवून घेणे म्हणजे दुसरे शील मोडणे होय.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात थरथरतो. आपल्या आज्यांच्या मनाच्या तळाशी नुसती मरीआई नाही, तेथे गावकुसाबाहेरचा वाडाही आहे. एखादी आजी अचानक पदर आवरून दाराशी अंग चोरून बसते. पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणते, "शिवू नका मायबाप, विटाळ होईल." अशा वेळी तिला समतेवर व्याख्यान देऊ नका. तिच्याशेजारी जमिनीवर बसा. त्या तांब्यातले पाणी आधी तिला पाजा आणि मग तिच्यादेखत तुम्ही प्या. उद्या ती घाबरली तर उद्याही प्या.

हे सारे करायचे कोणी? एकट्या सुनेने काय? एकदा एक आजारी भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याचा आम्हाला काही उपयोग नाही, म्हणून आम्ही त्याच्याकडे पाहत नाही, असे इतर भिक्षूंनी सांगितले. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि सांगितले की ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रोग्याची करावी. चांगल्या सेवकाची लक्षणेही त्यांनी सांगितली. त्याला औषध देता यावे, पथ्य कळावे, सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने करावी, मलमूत्राची किळस वाटू नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रोग्याचे मन प्रसन्न करता यावे. मनाचा आधार हा सेवेचाच भाग आहे, हे तेव्हाच सांगून झाले आहे.

म्हणून घरात पाळ्या लावा. मुलाने आईला न्हाऊ घालण्यात कमीपणा नाही. विहारातील भगिनींनी आठवड्यातून दोन तास आजीजवळ बसावे आणि सुनेला मोकळे करावे. ज्येष्ठांसाठी सरकारचा १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे, त्यावर सल्ला विचारा. आणि रविवारी विहारात जाताना आजीला घरी कोंडू नका. तिला पहिल्या ओळीत बसवा. वंदनेच्या मध्येच तिने मरीआईला हाक मारली, तर कोणी हसू नये, कोणी मागे वळून पाहू नये. शेजारच्याने तिचा हात हातात घ्यावा आणि वंदना पुढे चालू ठेवावी. गग्ग विसरला तरी संघ विसरला नव्हता. आजीची दीक्षा आता आपण सांभाळावयाची आहे.

जय भीम.